दारफाळणीचा रोजा आणि तीस मिलीचा पेला

(हे प्रकरण रुग्णाच्या आणि घरच्यांच्या संमतीने लिहिलं आहे. ओळख पटू नये म्हणून वय, नाती आणि आजाराचे काही तपशील बदलले आहेत.)

"मावशी, जमलं तर करा उपास. मधे ताक घ्या, राजगिऱ्याचा लाडू खा."

२०२४च्या सप्टेंबरात मी हे बोलले. ठाण्यातल्या माझ्या दवाखान्यात श्रावणापासून दिवाळीपर्यंत उपासाचा प्रश्न रोज येतो: श्रावणी सोमवार, पर्युषण, नवरात्र. मधुमेहाच्या बाईला काय सांगायचं ते इतकं पाठ झालेलं असतं की तोंड आपोआप बोलतं. मावशींनी मान हलवली, गोळ्यांची चिठ्ठी घेतली आणि गेल्या. त्या एका वाक्यात मी किती चुकले होते, ते कळायला मला वर्ष लागलं.

मावशी म्हणजे ७१ वर्षांच्या बेने इस्राएल बाई. मधुमेह १६ वर्षांचा, रक्तदाब त्याहून जुना. रक्तातलं क्रिएटिनिन १.३ (मूत्रपिंड जितकं मंद, तितका हा आकडा वर), म्हणजे त्यांच्या वयाला मूत्रपिंडाचं काम साधारण ४४ टक्क्यांवर. औषधांत ग्लिमेपिराइड आणि मेटफॉर्मिनची जोडगोळी दोन वेळा, डॅपाग्लिफ्लोझिन एकदा आणि रक्तदाबासाठी टेल्मिसार्टनसोबत लघवी वाढवणारं औषध. शिक्षिका म्हणून निवृत्त, बोलणं अलिबागच्या बाजूचं.

१२ ऑक्टोबर २०२४ला, शनिवारी, दुपारी साडेचारच्या सुमारास त्या सिनेगॉगच्या, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनास्थळाच्या, बाकावरून उठताना कोसळल्या. रुग्णालयात नेलं तेव्हा साखर ५२. क्रिएटिनिन १.९. सलाइन, ग्लुकोज, दोन रात्री मुक्काम. दसऱ्याचा दिवस असल्यामुळे मला फोन लागेपर्यंत रात्रीचे नऊ वाजले. सुनेने विचारलं, "तुम्ही तर करा म्हणाला होतात ना?" मी म्हणाले, "मी ताक घ्यायला सांगितलं होतं." पलीकडे थोडा वेळ शांतता. मग ती म्हणाली, "डॉक्टर, योम किप्पूरला ताक?"

आता थोडं त्या दिवसाविषयी. बेने इस्राएल म्हणजे कोकणातले मराठी ज्यू. नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटलं आणि सात पुरुष, सात बायका वाचल्या, ही त्यांची परंपरेने चालत आलेली कथा. पुढे अलिबाग-पेणच्या पट्ट्यात तेलाचे घाणे चालवले. शनिवारी घाणा बंद, म्हणून गाव त्यांना 'शनवार तेली' म्हणू लागलं. आडनावं गावांवरून, घरात मराठी. १९४८नंतर बहुतेक जण इस्रायलला गेले. २०११च्या जनगणनेत देशभरातले सगळे ज्यू मिळून पाच हजारही भरले नाहीत. मावशींच्या पिढीने सणांना मराठी नावंच वापरली. वर्षारंभाचा रोश हशाना म्हणजे नव्याचा सण. पुरीम म्हणजे होळीचा सण. आणि योम किप्पूर म्हणजे दारफाळणीचा सण, दारं लावून घेण्याचा दिवस. पूर्वी खरोखरच दारं लावायचे. रोज्याआधी गरम आणि मग गार पाण्याने अंघोळ, पांढरे कपडे, आणि रोजा सुटेपर्यंत बाहेरच्या कुणाशी बोलणं नाही. मावशींची आजी त्या दिवशी शेजारच्या बाईने हाक मारली तरी ओ द्यायची नाही. शेजारणीलाही ते माहीत असायचं; ती हाकच मारायची नाही.

रोजा हा शब्द त्यांचाच. 'उपास' त्या माझ्याशी बोलताना वापरायच्या, मला समजावं म्हणून, आणि त्यातूनच माझा घोळ झाला. आपल्या उपासाला खिचडी असते, वऱ्याचे तांदूळ असतात, रताळं असतं. उपासाला 'चालतं' आणि 'चालत नाही' अशा दोन याद्या असतात. योम किप्पूरला दुसरी यादी नसतेच. सूर्यास्ताच्या थोडं आधीपासून दुसऱ्या दिवशी चांदण्या दिसेपर्यंत, सुमारे २५ तास, अन्न नाही आणि पाण्याचा थेंबही नाही. अंघोळ नाही, अंगाला तेल-अत्तर नाही, चामड्याची पादत्राणं नाहीत, नवरा-बायकोचा संबंध नाही. संध्याकाळी 'कोल निद्रे' या पठणाने सुरुवात होते आणि दुसऱ्या दिवशी सकाळपासून प्रार्थना चालू राहतात, दुपारी योना संदेष्ट्याचं पुस्तक वाचलं जातं, आणि शेवटी नेइला, म्हणजे दार बंद होतानाची प्रार्थना. मग शोफार, मेंढ्याचं शिंग, फुंकलं की दिवस संपतो. मधे कितीदा तरी छातीवर मूठ मारत पापांची कबुली द्यायची, आणि ती अनेकवचनात: आम्ही चुकलो, आम्ही खोटं बोललो.

आणि ही ऐच्छिक गोष्ट नाही. नवस नाही, व्रत नाही. तोरा या ज्यूंच्या मूळ धर्मग्रंथातली आज्ञा आहे. 'जमलं तर करा' हे वाक्य तिथे बसतच नाही.

दुसऱ्या वर्षी, २०२५च्या ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात, सून आणि मुलगा दोघं मावशींना घेऊन आले. मुलाने ठरवूनच टाकलं होतं: या वर्षी रोजा नाही. मावशी खिडकीकडे बघत बसल्या होत्या.

"आई, देव काय हिशोब ठेवत बसतो का?" मुलगा म्हणाला.

"ठेवतो," त्या म्हणाल्या. "म्हणून तर हा दिवस आहे."

त्या वेळी मी एक गोष्ट केली जी आदल्या वर्षी करायला हवी होती. मी विचारलं, "तुमच्या नियमात आजारी माणसाला काय सांगितलंय?" मावशींना ढोबळ उत्तर माहीत होतं: जीव जात असेल तर खावं. पण जीव जातोय हे कुणी ठरवायचं? बेने इस्राएलांत परंपरेने रब्बी, म्हणजे निर्णय देणारे धर्मगुरू, नसतात; हझान प्रार्थना चालवतात. मावशींचा भाचा इस्रायलमध्ये अश्दोदला असतो. त्याने तिथल्या रब्बींना विचारायचं कबूल केलं, आणि मीही वाचायला बसले.

जे सापडलं त्याने मी खुर्चीत सरळ झाले. मिश्ना या ज्यूंच्या जुन्या नियमसंग्रहाच्या 'योमा' या भागातला आठवा अध्याय या दिवसाच्या रोज्याविषयी आहे. आजाऱ्याला जाणकारांच्या सांगण्यावरून खायला द्यावं. जाणकार नसतील तर त्याच्या स्वतःच्या सांगण्यावरून, पुरे म्हणेपर्यंत. पुढे तालमूद या मिश्नावरच्या चर्चाग्रंथात यावर खल आहे आणि सोळाव्या शतकात योसेफ कारोंनी लिहिलेल्या 'शुल्हान अरूख' या नियमग्रंथात त्याचा निकाल. रुग्ण म्हणाला मला खायला हवं, आणि शंभर वैद्य म्हणाले नको, तर रुग्णाचं ऐकायचं. कारण हृदयाला आपलं दुःख ठाऊक असतं. पण वैद्य म्हणाला हवं आणि रुग्ण म्हणाला नको, तर वैद्याचं ऐकायचं. दुखणं वाढून धोका होण्याची शक्यता आहे एवढं त्याने सांगितलं तरी पुरे. आणि तो वैद्य ज्यू असलाच पाहिजे असं नाही.

म्हणजे मी, ठाण्यातली एक मराठी हिंदू एमबीबीएस डॉक्टर, त्या व्यवस्थेत कुठेतरी बाहेर उभी नव्हते. माझ्या शब्दासाठी तिथे चारशे वर्षांपूर्वीपासून जागा राखून ठेवलेली होती, साक्षीदाराची. माझ्याकडून परवानगी किंवा सहानुभूती कुणाला नको होती. धोका आहे की नाही, एवढंच हवं होतं. आणि मी आदल्या वर्षी साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभी राहून 'जमलं तर' म्हणाले होते. मावशींनी त्याचा अर्थ अगदी बरोबर लावला: डॉक्टर धोका आहे असं म्हणत नाहीत, म्हणजे रोजा करायचाच.

वाचताना व्हिल्नाची (आजचं लिथुआनियातलं व्हिल्नियस) हकिगतही भेटली. १८४८ साली तिथे पटकीची साथ होती. रब्बी इस्राएल सलांतर यांनी लोकांना योम किप्पूरला खायला सांगितलं. त्यांनी स्वतः सिनेगॉगमध्ये सगळ्यांसमोर खाल्लं असंही सांगतात, पण ती गोष्ट सांगणाऱ्यागणिक बदलते. मावशींना मी ती सांगितली तेव्हा त्या म्हणाल्या, "पटकी सगळ्या गावाला होती. मला एकटीला आहे." ते खरंच होतं. एकट्या माणसाने खाणं वेगळं.

अश्दोदहून उत्तर आलं, ते नेमकं आणि व्यवहारी होतं. धोका असेल तर प्यायचं, खायचं. पण पूर्ण प्रमाणाच्या आत, थोडं थोडं, मधे अंतर ठेवून. पाणी एका वेळी गालभर घोटापेक्षा कमी, म्हणजे सुमारे ३० मिली. अन्न मोठ्या खजुरापेक्षा कमी. दोन वेळांत किमान नऊ मिनिटं. अशा रीतीने घेतलं की प्रमाण जुळत नाही आणि रोजा मोडल्याचा मोठा दोष लागत नाही. तेवढ्याने भागत नसेल तर मात्र माप विसरून खायचं. भाच्याने पुढे लिहिलं होतं: रब्बी विचारतात, डॉक्टर नक्की काय म्हणतात? अन्न हवं की पाणी हवं?

आधी मला औषधांकडे बघावं लागलं. आदल्या वर्षी साखर ५२वर नेली ती मुख्यतः ग्लिमेपिराइडने. हे औषध स्वादुपिंडाला इन्शुलिन सोडायला लावतं, पोटात अन्न असो वा नसो, आणि मूत्रपिंड मंद असेल तर त्याचा असर लांबतो. मग प्रश्नच उलटा करून बघता येत होता: रोज्याला औषधाप्रमाणे वाकवण्याऐवजी औषध बदलता येईल का? ऑगस्टमध्येच ग्लिमेपिराइड काढून लिनाग्लिप्टिन ५ मिलिग्रॅम सुरू केलं. ते उपाशीपोटी साखर फारशी पाडत नाही आणि मूत्रपिंडासाठी मात्रा बदलावी लागत नाही. पाच आठवडे साखर बघितली. थोडी वर राहिली, पण चालण्यासारखी. डॅपाग्लिफ्लोझिन लघवीतून साखर आणि पाणी दोन्ही काढतं, आणि उपाशीपोटी किटोन, म्हणजे रक्त आम्लधर्मी करणारे पदार्थ, वाढण्याचा धोका असतो. त्याची शेवटची गोळी २८ सप्टेंबरला. लघवीचं औषध १ ऑक्टोबरपासून बंद. मेटफॉर्मिन रोज्याआधीच्या जेवणासोबत, पुढची गोळी रोजा सुटल्यावर. (हे एका बाईचं वेळापत्रक आहे. कुणी आपल्या आईला लावू नये.)

साखर पडण्याची भीती अशी बरीच कमी झाली. उरलं मूत्रपिंड. मागच्या वर्षी १.३चं १.९ झालं होतं, ते कोरडेपणाने. म्हणून माझं उत्तर मी कागदावर लिहून दिलं, रब्बींनाही कळावं म्हणून सुटसुटीत: २५ तास पाण्याविना राहिल्यास मूत्रपिंडाला इजा होऊन जिवाला धोका होण्याची खरी शक्यता आहे, पाणी आवश्यक, दिवसभरात दीड लिटर, अन्न साखर १००च्या खाली गेली तर मापाने, ७०च्या खाली गेली तर माप न पाहता. दर दहा मिनिटांना ३० मिली म्हटलं तर ५० घोटांत दीड लिटर होतं, सव्वाआठ तासांत. बसतं हिशोबात.

बोटाला सुई टोचून साखर बघायची का, हा वाद वेगळा झाला. त्या दिवशी रक्त काढणं, यंत्र चालवणं, दोन्ही निषिद्ध. मावशींना पाण्यापेक्षा हे जास्त लागलं होतं. अश्दोदहून निरोप आला की धोक्यातल्या माणसाला चालतं. त्या पाच वेळांवर तयार झाल्या. मी आठ म्हणत होते.

२६ सप्टेंबरला त्या एकट्याच आल्या. नंबर लावून, सगळ्यांबरोबर बसून. आत आल्यावर म्हणाल्या, तपासायचं नाहीये. "आमचे माफीचे दिवस चालू आहेत, डॉक्टर. नव्याच्या सणापासून दारफाळणीपर्यंत. देवाशी केलेली चूक देव त्या दिवशी माफ करतो. माणसाशी केलेली नाही करत. ती त्या माणसाकडे जाऊनच मागावी लागते. मागच्या वर्षी तुम्ही ताक घ्या म्हणालात आणि मी मान हलवली. मला माहीत होतं मी घेणार नाही. तुम्हाला खोटं सांगितलं, आणि नंतर पोराने तुम्हाला बोल लावले. माफ करा."

डॉक्टरांना पेशंटने माफी मागितली की काय करायचं ते कुठे शिकवत नाहीत. मी फाइल चाळत राहिले. मग म्हणाले की चूक माझीही होती, मी नीट विचारलं नव्हतं, आणि चुकीची गोळी चालू ठेवली होती. त्या म्हणाल्या, "मग तुम्ही पण मागा. मी लगेच देते." आणि हसल्या. मी मागितली.

एक गंमत. २०२५ साली घटस्थापना २२ सप्टेंबरला होती आणि नव्याचा सण त्याच संध्याकाळी सुरू झाला. दसरा २ ऑक्टोबरला आणि योम किप्पूरही त्याच दिवशी. २०२४मध्येही दोन्ही १२ ऑक्टोबरलाच आले होते. दोन्ही पंचांगं चंद्राची. तिश्री या ज्यू महिन्याचा पहिला दिवस, म्हणजे नव्याचा सण, आणि अश्विन प्रतिपदा एकाच अमावास्येमागे येतात, मग इकडची दशमी आणि तिकडची दहावी तारीख जवळजवळ जुळणारच. अधिक महिना मधे आला की फाटतात: २०२३ला योम किप्पूर २५ सप्टेंबरला होता आणि दसरा २४ ऑक्टोबरला. मावशी म्हणतात, त्यांच्या लहानपणी अलिबागकडे दारं लावून आत रोजा आणि बाहेर सोनं वाटणं हे इतकं सवयीचं होतं की दोन्ही एकाच सणाचे भाग आहेत असं त्यांना वाटायचं.

ठाण्यात ती जुळणी जरा कर्कश होते. इथलं सिनेगॉग, शाआर हशामायीम, १८७९चं, टेंभी नाक्याजवळ आहे, आणि टेंभी नाक्यावरच देवीचा प्रसिद्ध मांडव. १ ऑक्टोबरची संध्याकाळ म्हणजे नवमीची गर्दी. मावशी पांढरी साडी नेसून, पायात रबरी स्लिपर घालून, सून आणि नातवाबरोबर त्या गर्दीतून चालत गेल्या. त्याआधी घरी जेवण झालं होतं: मऊ खिचडी, दही, भाजी. गोड सारणाच्या पुऱ्या मी बंद केल्या होत्या. एक खाल्ली, हे त्यांनी नंतर सांगितलं.

पेला नातवाने तयार केला होता. स्टीलचा, प्रसादाच्या वाटीएवढा. माप सणाआधीच करून ठेवायचं म्हणून त्याने खोकल्याच्या औषधाच्या १५ मिलीच्या टोपणाने दोन टोपणं पाणी ओतलं आणि आत नेलपॉलिशची रेघ मारली. लाल.

साखर रोज्याआधी १६४. रात्री दहाला १८८, ती पुरी. सकाळी सातला १४२.

अडचण साखरेची आली नाही, जागेची आली. मावशी बाकावर बसून सगळ्यांदेखत पाणी प्यायला तयार होईनात. प्रत्येक घोटासाठी उठून मागच्या व्हरांड्यात जायच्या. दर दहा मिनिटांनी उठणारी म्हातारी बाई न पिणाऱ्या बाईपेक्षा जास्त दिसते, हे सुनेने सांगून पाहिलं. मग त्यांनी घोट लांबवले. दुपारच्या आधीच्या मुसाफच्या प्रार्थनेत दीड तास काहीच घेतलं नाही. डोकं दुखायला लागलं. बाराला साखर १२६, पण तोंड कोरडं आणि सकाळपासून लघवी एकदाच. हे मी कागदावर लिहिलं नव्हतं. मी मिलीलिटर मोजले, नऊ मिनिटांचं अंतर मोजलं, आणि माणूस कुठे बसून पिणार हे विचारलंच नाही. एकट्या माणसाने पिणं वेगळं असतं, हे त्यांनी मला व्हिल्नाच्या निमित्ताने सांगूनही ठेवलं होतं.

दुपारी शेजारच्या बाकावरच्या बाईने विचारलं, बरं नाही का? मावशी म्हणाल्या, "औषध घेतेय." आणि, त्यांच्या शब्दांत, "जीभ तोंडात वळायच्या आत लाज वाटली. ज्या दिवशी खोट्याची माफी मागायची त्याच दिवशी खोटं." त्यांनी तिला परत हाक मारली. "औषध नाही, पाणी आहे. डॉक्टरांनी सांगितलंय, आणि आपल्या लिहिण्यातही आहे." ती बाई म्हणाली, मग इथेच प्या की, आत-बाहेर कशाला करता. तिलाही मधुमेह आहे. ती पुढच्या आठवड्यात माझ्याकडे आली.

त्यानंतर पेला बाकावरच राहिला. योनाचं वाचन त्यांनी पाणी पीत ऐकलं. चारला साखर १११. अन्नाची वेळ आलीच नाही. नेइलाला त्या उभ्या राहिल्या, बाकाला धरून. बसा असं मी सांगितलं होतं. शोफार झाला तेव्हा पावणेसात वाजून गेले होते. साखर १०४, रक्तदाब १४८/८४. मोजलेले घोट ३८, म्हणजे ११४० मिली. दीड लिटरला कमी, शून्यापेक्षा खूप जास्त. रोजा त्यांनी मनुकांच्या सरबताने सोडला, अर्ध्या ग्लासावर थांबून.

दुसऱ्या दिवशी त्यांचा शिळा सण. पूर्वज दारफाळणीच्या आदल्या दिवशी घरी येतात आणि शिळ्या सणाला परत जातात, अशी जुनी समजूत. त्या दिवशी दानधर्म आणि भेटीगाठी. नातवाच्या हाती माझ्याकडे डबा आला, त्यात पुऱ्या. मी संध्याकाळी फोन केला. पुऱ्यांचं बोलून झाल्यावर विचारलं, मन कसं आहे?

"अर्धं अर्धं," त्या म्हणाल्या. "रोजा झाला असं पण वाटत नाही, मोडला असं पण नाही. भाचा म्हणतो, तुझ्यासाठी पिणं हीच आज्ञा होती, म्हणजे तू आज्ञा पाळलीस. डोक्याला पटतं. पण बावन्न वर्षं केलेला आहे ना मी कडक."

४ ऑक्टोबरचं क्रिएटिनिन १.४. आठवड्याने १.३. लघवीचं औषध आणि डॅपाग्लिफ्लोझिन ५ तारखेपासून परत सुरू. लिनाग्लिप्टिन तसंच ठेवलं. ग्लिमेपिराइडकडे परत जायचं काही कारण नव्हतं, आणि खरं तर आधीही नव्हतं.

फाइलच्या पहिल्या पानावर आता लाल पेनाने लिहिलंय: योम किप्पूर २०२६, २० सप्टेंबर संध्याकाळ ते २१ सप्टेंबर रात्र. (अधिक ज्येष्ठामुळे दसरा त्या वर्षी महिनाभर नंतर.) ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात क्रिएटिनिन. डॅपाग्लिफ्लोझिन १७ला बंद. पाणी बाकावर. त्याखाली वेगळ्या अक्षरात एक ओळ आहे, ती मावशींनी माझं पेन घेऊन लिहिली: पुरी एकच.